जमीन न सोडण्याच्या अटीवर

सोलापूर, १८ ऑक्टोबर १९३६

रेवणप्पा यांस सिद्धारामचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

बरेच महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. रागावू नका, कामात होतो. माझं विमान तयार होत आलं आहे आणि त्याचा विमा उतरवायचा आहे. तुम्ही मुंबईत विमा कंपनीत हेडक्लार्क, मी तुमच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. हे काम घेऊन दुसऱ्या कुणाच्या दारात गेलो तर तुम्हालाच लोक नावं ठेवतील.

विमान म्हणजे खरोखरचं विमान. एका विलायती मासिकात नकाशे आले होते, घरी बनवून घरचाच माणूस बसेल असं. पंप आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात माझे हात मुरलेले, म्हटलं हे काय मोठं. इंजिन जुन्या मोटारसायकलचं आहे, लाकूड देवदाराचं, पंखांचं कापड हातमागाचं आणि शिवण तुमच्या बहिणीची. कापड ताठ राहावं म्हणून नकाशात विलायती रोगण सांगितलं आहे. त्याचा भाव ऐकून मी दुकानातून तसाच बाहेर आलो. आपले विणकर ताण्याला खळ लावतात तशी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि दोन हात दिले. पंख असे ताठ झाले आहेत की टिचकी मारली तर संबळ वाजावा.

मंगळवार पेठेतले लोक मला काय म्हणतात ते मुंबईपर्यंत आलंच असेल. मामांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, तर तोंडावर सांगितलं की आम्ही मुलगी शहाण्याला दिली होती. हसणाऱ्यांचं मला काही नाही. पण रेवणप्पा, हे यंत्र एकदा, फक्त एकदा, जमीन सोडून वर जातं की नाही एवढं मला कळायला हवं. कळलं की मी ते मोडून खुशाल पाट करीन.

तुमच्या बहिणीची एकच अट आहे. म्हणाली, "विमा उतरवल्याबिगर चाक फिरवायचं न्हाय." तिला पैशाची काळजी फार. तरी कळवावं.

सिद्धाराम


मुंबई, २६ ऑक्टोबर १९३६

दाजींस रेवणसिद्धचा नमस्कार.

पत्र ऑफिसात फोडलं ही चूक झाली. वाचून झाल्यावर मला पाणी मागवावं लागलं.

तुमचं काम साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, यंत्र कोणत्या कारखान्याचं. मी म्हणालो, मंगळवार पेठ. त्यांनी चष्मा काढून ठेवला. आमच्याकडे मोटारीचा विमा होतो, आगबोटीचा होतो, जिनिंगच्या कापसाचा होतो. सरकारी परवाना असलेल्या विमानाचाही लंडनला विचारून होऊ शकतो. पण ज्याला परवाना नाही आणि चालवणाऱ्यालाही नाही, अशा यंत्राचा आकाशातला विमा हिंदुस्थानात कुणी घ्यायचा नाही. माझं ऐका, हा नाद सोडा. आमच्या चन्नीच्या कपाळाचं कुंकू त्या मोटारसायकलच्या इंजिनावर टांगू नका. मी हे ऑफिसचा माणूस म्हणून लिहीत नाही.

रेवणसिद्ध


सोलापूर, २ नोव्हेंबर १९३६

रेवणप्पा यांस सिद्धारामचे शरणार्थी.

नाद सोडायला मी काय तमाशाला जातो? परवान्यासाठी दिल्लीला अर्ज केला आहे. उत्तर आलं की ज्या भाषेत येईल त्या भाषेतला माणूस शोधून वाचून घेईन. तोवर विम्याचं बघा.

तुमच्या कंपनीत खाना नसेल तर आहे त्या खान्यात बसवा. दोन चाकं आहेत, लाकडी आहे, बैलगाडीत जाईल. आगबोटीलाही पुढे पंखा आणि मागे सुकाणू असतंच की. फक्त आगबोटीचा पंखा मागे असतो हे आत्ता लिहिताना आठवलं, पण साहेबांना सांगायची गरज नाही. काहीच जमलं नाही तर जनावरात घाला. रोज खातं आहे आणि अजून काम करत नाही, या हिशेबाने ते जनावरच आहे.

तुमची बहीण अटीवरून हटत नाही. मी तिला म्हटलं, तुझा भाऊच विमा देत नाही, मग काय करू. तर म्हणाली की अण्णा देईल, त्याला माझी काळजी आहे. आता बोला.

सिद्धाराम


मुंबई, २० नोव्हेंबर १९३६

दाजींस नमस्कार.

तुमच्यासाठी जे कधी केलं नव्हतं ते केलं. सोबत पॉलिसी पाठवतो. ही 'जमिनीवरची जोखीम' आहे. विमान जमिनीवर असेतोवर त्याला आग लागो, चोरी होवो, वावटळीने ते उलटो, भिंत अंगावर पडो, गुरंढोरं शिंग लावोत, कंपनी भरून देईल. यातली गुरंढोरं मी साहेबांना विनवून घालून घेतली. हप्ता इतका कमी आहे की तुम्हीसुद्धा भराल.

अट दोनच. विमान पक्क्या छपराखाली ठेवायचं. आणि ते स्वतःच्या जोरावर चार बोटंही जमीन सोडून वर गेलं, तर त्या क्षणी पॉलिसी रद्द. दाव्याच्या वेळी तसं लिहून द्यावं लागतं, साक्षीदाराच्या सहीनिशी.

रेवणसिद्ध


मुंबई, २० नोव्हेंबर १९३६

चि. चन्नम्मा हिस अण्णाचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापुरतं ठेव. दाजींना जी पॉलिसी पाठवली ती म्हणजे विमानाच्या गळ्यात घातलेलं लोढणं आहे. तुझा नवरा हुशार आहे, मनाने चांगला आहे, पण पैसा सोडताना त्याचा जीव जातो. ज्या गोष्टीचा हप्ता भरला ती तो हातची घालवणार नाही. विमान उडालं की विमा बुडाला, एवढं कळल्यावर तो ते झाकून ठेवील, पुसत बसेल आणि म्हातारा होईल. मला तेवढंच हवं आहे.

तू लक्ष ठेव. त्यांना वर जाऊ देणार नाहीस असं मला वचन दे. रात्री डोळा लागत नाही गं. तू लहान असताना मैंदर्गीच्या विहिरीत डोकावायचीस, तेव्हाही माझं असंच व्हायचं.

तुझा अण्णा


मैंदर्गी, १९ जानेवारी १९३७

रेवणप्पा यांस सिद्धारामचे शरणार्थी.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि विमान बैलगाडीवर चढवून तुमच्या गावी आणलं. इथला माळ मोकळा आहे आणि बघणारे कमी. अक्कलकोटाच्या बाजारात मात्र लोकांनी विमानाला हळदकुंकू वाहिलं आणि एका म्हातारीने विचारलं की नवरदेव कुठं बसणार.

पॉलिसीतलं छप्पर म्हणून मामांचा गोठा घेतला. एवढं लांब छप्पर गावात दुसरं नाही. गुरं बाहेर बांधली आहेत. मामा माझ्याशी बोलत नाहीत, पण तुमच्या आई, अव्वा, दोन वेळा भाकरी वाढतात, तेव्हा ठीक चाललं आहे. गाभण म्हैस कस्तुरी तेवढी दारातून विमानाकडे मायेने बघत असते. घरात त्याची कदर करणारी ती एकटीच.

आता जरा नाजूक बाब. काल इंजिनाची चाचणी घेतली. उडायचं अजिबात नव्हतं, हप्ता भरलेला आहे, मी काय खुळा आहे? शेपटाला दावं लावून ते खुंट्याला बांधलं होतं. पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करावं लागतं, म्हणून आत बसून पेट्रोलची कळ धरायला माणूस लागतं. तसं एक माणूस बसवलं. मी पंखा फिरवला, इंजिन एकदम भडकलं, दावं तुटलं, मी बाजूला पडलो आणि डोळ्यांत तोंडात सगळी माती गेली. डोळे धुऊन बघतो तर विमान बांधाच्या पलीकडे नीट उभं, इंजिन बंद. माळ तिकडे उतरता आहे, घरंगळत गेलं असणार. कुठं खरचटलंसुद्धा नाही. आत जे माणूस होतं तेही सुखरूप आहे, फक्त दुपारपासून फार बोलत नाही.

याने पॉलिसीला काही बाध येतो का, ते उलट टपाली कळवा. माझा एक चांगला विलायती पाना या सगळ्यात हरवला आहे. गोठ्याच्या सपाट माळवदावर चढून वाऱ्याची दिशा कळायला कापडी पिशवी लावली त्या दिवसापासून दिसत नाही. पाना विम्यात येतो का, तेही विचारा.

सिद्धाराम


मुंबई, २५ जानेवारी १९३७

दाजींस नमस्कार.

घरंगळलं तर हरकत नाही. घरंगळणं जमिनीवर होतं. पाना येत नाही.

आत माणूस कोण होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावातलं कुणी असेल तर त्याला नारळ आणि सव्वा रुपया द्या आणि यापुढे असल्या कामाला कुणाच्या घरचं माणूस घेऊ नका. त्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल. चन्नीचं पत्र नाही बरेच दिवस. तिला म्हणावं अण्णा विचारत होता.

रेवणसिद्ध


मैंदर्गी, २१ फेब्रुवारी १९३७

रेवणप्पा यांस सिद्धारामचे शरणार्थी.

विमान संपलं.

आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. गारा होत्या. मी कामासाठी सोलापुरात. गाभण म्हैस उघड्यावर कुडकुडते हे अव्वांना बघवेना. त्यांनी कस्तुरीला गोठ्यात घेतलं. गोठा तिचाच, त्यात त्यांचं काय चुकलं? ओल्या हवेने पंखांवरची खळ मऊ झाली असावी, वासही सुटला असेल. सकाळी अव्वा दूध काढायला गेल्या तेव्हा डावा पंख नव्हता. म्हणजे लाकडं होती. कापड कस्तुरीने चाटून, ओढून, चावून खाल्लं होतं आणि ती उजव्यावर लागली होती. आत शिरताना तिने शेपूटही मोडलं. ज्वारीची खळ लावणारा मी, गोठ्यात ठेवणारा मी. विलायती रोगण असतं तर म्हशीने तोंड लावलं नसतं. हे मामांनी मला सांगितलं, पाच महिन्यांत माझ्याशी पहिल्यांदा बोलून.

नुकसानीचं कंपनीने भरून द्यावं. गुरंढोरं पॉलिसीत आहेत. पण खरं सांगू, पैशाने मन भरत नाही आणि हे वाक्य मी लिहितो आहे यावरून माझी अवस्था ओळखा. दिल्लीहून परवान्याला नकार आला आहे. आता ते पुन्हा बांधलं तरी उडवता यायचं नाही. मी गोठ्यात त्याच्याशेजारी बसून असतो. उडालं असतं का, रेवणप्पा? आता कधी कळायचं नाही. तुमच्या बहिणीलाही मी दिवसातून दहा वेळा हेच विचारतो आणि ती उठून चुलीपाशी जाते.

सिद्धाराम


मुंबई, २७ फेब्रुवारी १९३७

दाजींस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि लगेच त्याची लाज वाटली. विमान गेलं याचा मला आनंद आहे. तुमचं मन मोडलं याचं दुःख आहे. दोन्ही एकदम कसं होतं ते मला समजत नाही.

दाव्याचा कागद सोबत आहे. विमान कधीही जमीन सोडून वर गेलं नाही, असं त्यात छापलेलं आहे. खाली तुम्ही सही करा आणि साक्षीदार म्हणून चन्नीची घ्या. ते आलं की रक्कम नक्की मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग ज्याच्या जनावराने नुकसान केलं त्याच्याकडून ते वसूल करते. जनावर आमच्या आप्पांचं, म्हणजे तुमच्या मामांचं आहे. नोटीस माझ्या सहीने जाईल. तेव्हा या उन्हाळ्यात मी मैंदर्गीला येणार नाही.

रेवणसिद्ध


मैंदर्गी, ५ मार्च १९३७

ती. अण्णास चन्नम्माचा साष्टांग नमस्कार.

दाव्याच्या कागदावर यांनी सही करून ठेवली आहे. मी केली नाही आणि करणार नाही. त्यावर लिहिलं आहे ते खरं नाही. यांना ते माहीत नाही, म्हणून यांच्याकडे खोटेपणा येत नाही. मला माहीत आहे.

जानेवारीत विमानात जे माणूस बसलं होतं ते मी होते. यांनी तुला लिहिलं नाही कारण तू ओरडला असतास. यांचं वजन जास्त, मी हलकी, आणि कळ धरून बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. दावं तुटलं आणि ते पळत सुटलं. समोर बांध दिसला. अण्णा, मला गाडी हाकता येते हे तुला ठाऊक आहे, तूच शिकवलीस. बैल उधळले की कासरा पोटाशी ओढायचा, म्हणजे थांबतात. माझ्या पुढ्यात एक दांडा होता. मी तोच दोन्ही हातांनी पोटाशी ओढला आणि होऽऽ होऽऽ करू लागले.

ते थांबलं नाही. वर गेलं. चाकांचा खडखड आवाज एकदम बंद झाला. तसा बंद झालेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. बांध खालून गेला. मी भ्यायले, हे खरं. पण मग मान वळवली तर आप्पांचा सगळा माळ एका नजरेत आला, अव्वाची वाळत घातलेली लुगडी आली, तू जिथं मला धरून ठेवायचास ती विहीर आली, आणि तिच्या तळातलं पाणी वरून चमकलं. मग यांनी सांगितलेलं आठवलं म्हणून कळ मागे घेतली, दांडा सोडला, आणि दणकन खाली आले. कंबर आठ दिवस दुखत होती.

मी कुणालाच सांगितलं नाही. आधी भीतीने. मग पॉलिसी बुडेल म्हणून. आणि सगळ्यांत जास्त, नोव्हेंबरात तुला उलट टपाली दिलेल्या वचनामुळे. तू लिहिलं होतंस की दाजींना वर जाऊ देऊ नकोस. यांना कळलं असतं की ते उडतं, तर हे दुसऱ्या दिवशी वर गेले असते आणि मी अडवू शकले नसते. तुला दिलेलं वचन मी पाळलं. हे गेलेच नाहीत.

पण आता विमान नाही. आणि हे रोज गोठ्यात बसून मला विचारतात, "चन्नी, उडालं असतं का गं?" माणसाला हवी ती गोष्ट माझ्या पोटात आहे आणि मी भाकऱ्या थापते आहे. हे माझ्याने होत नाही. शिवाय खोट्या सहीचे पैसे आणून आप्पांच्या दारात नोटीस लावायची, हे तर देवालाही आवडायचं नाही.

तू म्हणशील पुरावा काय. यांचा हरवलेला पाना मी वरून बघितला. गोठ्याच्या माळवदावर, मागच्या कठड्याच्या आत पडला आहे. खालून दिसत नाही, आणि पिशवी लावून झाल्यापासून शिडी विहिरीवर आहे, वर कुणी चढलेलं नाही. आज संध्याकाळी यांना सगळं सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण तू मोठा.

आणि अण्णा, एक लिहू का? मला परत वर जायचंय.

तुझी चन्नम्मा


मैंदर्गी, ६ मार्च १९३७

रेवणप्पा, शरणार्थी.

पाना मिळाला!

तुमच्या बहिणीने काल सांगितलं तेव्हा मी आधी हसलो, मग विहिरीवरून शिडी ओढत आणली. मामा ओरडत होते की शिडी कशाला. वर गेलो. मागच्या कठड्याच्या आत, ती म्हणाली तिथंच. मी पाना हातात घेऊन माळवदावर बसून रडलो. पावसात गंजला आहे थोडा. मी घासणार नाही.

ते उडालं. माझ्या हातचं, मोटारसायकलच्या इंजिनाचं, ज्वारीच्या खळीचं. तुमच्या बहिणीने त्याला होऽऽ होऽऽ केलं तरी उडालं. मी खाली माती खात पडलो होतो आणि माझी बायको माझ्या डोक्यावरून गेली. हे मी कुणाकुणाला सांगू असं झालं आहे. मामांना सांगितलं. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "पोरगी लहानपनापास्नं अशीच हाय." आणि माझ्याशेजारी जेवायला बसले.

दाव्याचा कागद फाडला. पैसे नकोत. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे आणि मला ताप नाही.

पण रेवणप्पा, तुमच्याकडून एक हवं आहे. मंगळवार पेठेत माझ्या आणि तुमच्या बहिणीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मला नकार पाहिजे. दावा नामंजूर केल्याचं रीतसर पत्र, कंपनीच्या छापील कागदावर, शिक्क्यानिशी. कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. दुकानात लावायला चौकट आजच सांगितली आहे.

तुमचा सिद्धाराम


मुंबई, १५ मार्च १९३७

रा. सिद्धाराम यांस, मुक्काम सोलापूर.

आपल्या विमानाच्या नुकसानीबाबतचा दावा कंपनीने विचारात घेतला. चौकशीअंती कंपनीची खात्री झाली आहे की, सदर विमान १८ जानेवारी १९३७ रोजी मैंदर्गी येथील माळावर स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर जमीन सोडून हवेत गेले, बांध ओलांडला व सुखरूप खाली आले. पॉलिसीच्या अटीनुसार ती त्याच क्षणी रद्द झाली आहे. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.

कंपनीकरिता,
रेवणसिद्ध, हेडक्लार्क

दाजी, वरचं चौकटीत लावा, हे खालचं कापून ठेवा. दावा करणाऱ्यानेच नकार मागितला असं आमच्या ऑफिसात आजवर झालं नव्हतं. साहेबांनी शिक्का देताना विचारलं, चालवणारा कोण. मी सांगितलं, माझी बहीण. त्यांनी चष्मा काढून ठेवला. माझी मान जरा ताठ झाली होती, ती घरी येईपर्यंत तशीच राहिली.

चन्नी, तुझं ते शेवटचं वाक्य मी वाचलं नाही असं समज. आणि दुसरं बांधायला घेतलंत तर विलायती रोगणाचे पैसे माझ्याकडून घ्या.